ओपन स्पेसमधला तरोटा

गेल्या वर्षी जुलैत आमच्या कॉलनीच्या मीटिंगमध्ये ओपन स्पेसला पेव्हर ब्लॉक बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं. ओपन स्पेस म्हणजे काय ते धुळ्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, प्रत्येक एनए लेआउटमध्ये एक चौकोनी तुकडा मोकळा सोडलेला असतो, उन्हाळ्यात तिथं पोरं क्रिकेट खेळतात आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत वाढतं. मग लोक म्हणतात साप निघतील, डास होतील, एकदाचं सपाट करून टाका. मी पण आधी तसंच म्हणायचे, खरंच. पण त्या मीटिंगच्या आठवडाभर आधी एक गोष्ट घडली होती आणि ती सांगायलाच आज लिहायला बसलेय.

आमच्याकडे दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशी आहेत, मूळच्या साक्रीकडच्या, लेकाच्या कामामुळे धुळ्यात आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी पाऊस जोरात आला म्हणून त्या आमच्या ओट्यावर टेकल्या आणि समोरच्या ओपन स्पेसकडे बघत एकदम म्हणाल्या, "व माय, इतला तरोटा शे नि कोनी खात नही?" मी म्हटलं कुठाय तरोटा, मला तर नुसतं गवत दिसतंय. पाऊस थांबल्यावर त्या मला हाताला धरून घेऊन गेल्या. अर्ध्या तासात त्यांनी तिथं तरोटा दाखवला, कुर्डू दाखवला, केना, घोळ, तांदुळजा, आघाडा, आणि कुंपणाच्या तारेवर चढलेला एक नाजूक वेल दाखवून म्हणाल्या हा कटुर्ल्याचा, म्हणजे करटोलीचा. मी त्या जागेसमोर नऊ वर्षं राहतेय आणि मला त्यातलं फक्त आघाडा ओळखता येत होता, तोही गणपतीच्या पत्रीमुळे.

तरोटा म्हणजे पुस्तकातला टाकळा. पहिल्या पावसानंतर उगवतो, कोवळा असतानाच खायचा, फुलावर आला की पाला निबर होतो. संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटतात हे माझ्या लेकीला त्या दिवशी कळलं आणि मग पुढचे पंधरा दिवस ती रोज दिवेलागणीला पानं झोपली का बघायला जायची. मावशींनी सांगितल्याप्रमाणे मी लसूण आणि सुकी मिरची घालून भाजी केली, वरून दाण्याचा कूट, सोबत कळण्याची भाकरी. घरात सगळ्यांनी खाल्ली.

तर मीटिंगमध्ये मी उभं राहून सांगितलं की ब्लॉक बसवायच्या आधी एकदा सगळ्यांनी मावशींबरोबर तिथं चला, मग ठरवा. लोकांना आधी वाटलं ही काय बोलतेय. पण रविवारी सकाळी बायका आल्या, पोरं आली, दोन आजोबा खुर्ची घेऊन आले, आणि मजा म्हणजे त्या आजोबांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती होती, कारण त्यांचं लहानपण शेतात गेलेलं. पाथरी दिसली तशी एकानं उपटून, पुसून तशीच तोंडात टाकली, म्हणाले आम्ही बांधावर बसून भाकरीसोबत ही कच्चीच खायचो. त्या दिवशी जे झालं त्याला आम्ही काही नाव दिलं नव्हतं, पण दिवसभर लोक तिथून हलत नव्हते, प्रत्येकाला कुठली तरी आजी, कुठलं तरी शेत आठवत होतं. यावर्षी आम्ही ते पुन्हा केलं, शेजारच्या दोन कॉलन्यांना बोलावून, आणि आता पोरं त्याला भाजीचा उत्सव म्हणतात.

हे सगळं करताना माझ्या डोक्यात एक दुसरा अनुभव सारखा येत होता. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन असतो त्याच्या आसपास आपल्या राज्यात ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात, कल्पना फार चांगली आहे आणि ते भरायलाच पाहिजेत असं माझं मत आहे. पण दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका ठिकाणी गेले होते, हॉलमध्ये टेबलं मांडलेली, त्यावर डिशमध्ये भाज्या, भाजीपुढे चिठ्ठी. भाषणं लांबली तोवर सगळा पाला कोमेजला. दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली होती. एका पोरानं विचारलं की ही भाजी कुठे मिळते, तर टेबलामागच्या माणसाला सांगता आलं नाही, कारण ती ज्यांनी आणली होती त्या बायका मागच्या रांगेत बसून होत्या आणि त्यांना कुणी बोलायला सांगितलंच नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ज्यांना सगळं माहितीये त्या गप्प आणि ज्यांना माहिती नाही ते माईकवर.

आणि चिठ्ठीची अदलाबदल ही छोटी गोष्ट नाहीये. कळलावीचंच घ्या, पावसाळ्यात कुंपणाला लाल-पिवळी फुलं येतात, दिसायला इतकी सुंदर की पोरं तोडायला धावतात, पण सगळं झाड विषारी आणि कंद तर फारच. तिच्या पानाचं टोक लांब होऊन त्याची गुंडाळी होते, ती कशालाही धरून वर चढते, ही खूण मावशींनी पोरांना पहिल्याच फेरीत दाखवली. खाण्याच्या दहा भाज्या शिकवायच्या आधी न खाण्याच्या दोन शिकवायच्या असं त्यांचं म्हणणं. काही कंद तर असे की खायचेच असतात, पण चिंच किंवा आंबट पाला न घालता शिजवले तर घसा खाजून जीव जातो, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. हे ज्ञान डिशमधून येत नाही, ते बांधावर, हातात हात घेऊन येतं.

बारीपाड्याला गेले तेव्हा हे मला जास्त कळलं. साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढे डोंगरात हा आदिवासी पाडा आहे, तिथलं जंगल राखायला पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल. तिथं वनभाजी पाककला स्पर्धा होते. बायका जंगलातून भाजी स्वतः खुडून आणतात, चुलीवर शिजवतात, आणि शिजलेल्या भाजीशेजारी ते झाड, तो पाला, तो कंद ठेवून समोर उभ्या राहतात. तुम्ही विचारायचं आणि त्यांनी सांगायचं, कधी खुडायची, किती पाण्यातून काढायची, कशासाठी चांगली. मी एका आजीजवळ कितीतरी वेळ उभी होते, त्यांचं बोलणं मला अर्धंच समजत होतं आणि तरी त्या थकल्या नाहीत. मग सगळ्यांनी पंगतीत बसून जेवायचं. भात तिथलाच, इंद्रायणीचा.

पण मला त्या स्पर्धेपेक्षा तिच्या मागचं जास्त महत्त्वाचं वाटलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथले डोंगर तुटून उघडे पडले होते, पाण्याचे हाल होते. तेव्हा गावानं बसून ठरवलं की कुऱ्हाड बंद, आणि ते नुसतं ठरवलं नाही तर पाळलं, दंड लावला, पाणी अडवलं, राखण केली. आज जवळजवळ ११०० एकर जंगल गावानं राखलंय. म्हणजे आधी जंगल आलं, मग विहिरींना पाणी आलं, मग भाज्या परत आल्या आणि त्यानंतर स्पर्धा आली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण शहरात बरोबर उलटं करतो, आधी बॅनर छापतो आणि जागा कुठली हा प्रश्न शेवटी येतो, आणि मग हॉल बुक होतो.

खरं तर आपल्या खान्देशात असे सण आधीपासून होतेच ना. आखाजी काय होती? अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी यायच्या आणि गावाच्या कडेच्या मोठ्या निंबाला झोका बांधायच्या, गाणी म्हणायच्या. त्या निंबाला कुणी हात लावायची हिंमत नव्हती, कारण गावाच्या सगळ्या लेकींचा झोका त्याला होता. माझ्या माहेरचा तो निंब रस्ता रुंद करताना गेला. आता आखाजीला स्लॅबच्या हुकाला झोका बांधतात, झोका आहे, गाणी पण आहेत, पण वर बघितलं की पंखा दिसतो. मला त्या निंबाची लिंबोळी वेचलेली आठवते, आणि माझ्या लेकीला तो निंब कुठे होता हे सुद्धा दाखवता येत नाही, कारण तिथं आता डिव्हायडर आहे.

आणि धुळेकरांसाठी तर लळिंगचं कुरण दारातच आहे. ३१ जुलैला तिथं लांडोर बंगल्यावर लोक जमतात, १९३७ मध्ये बाबासाहेब तिथं मुक्कामाला होते त्याची आठवण म्हणून. ऐन पावसाळ्याचे दिवस, कुरण हिरवंगार झालेलं, आणि लोक लेकराबाळांना घेऊन, डबे घेऊन चढतात. वंदन करायला आलेला माणूस डोंगर पण बघून जातो. शहरातल्या किती लोकांनी कुरण फक्त त्या दिवशीच पाहिलेलं असतं, त्या दिवसामुळे पाहिलेलं असतं. एखादी जागा लोकांची व्हायची असेल तर तिथं वर्षातून एकदा तरी पायांनी जावं लागतं असं मला वाटतं, फोटो बघून ती आपली होत नाही.

थोडं विषय सोडून, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे, ते १८८४ नंतर कुणाला दिसलंच नव्हतं, जगातून संपलं असंच सगळे धरून चालले होते, आणि ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये ते सापडलं कुठे, तर आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ! अमेरिकेहून आलेल्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ते शोधलं. आणि हे घुबड दिवसासुद्धा उडतं, शिकार करतं, म्हणजे लपून बसलेलं नव्हतं. सातपुड्यातल्या लोकांच्या डोक्यावरच्या सागावर ते बसत असेलच की, फक्त त्यांना कुणी विचारलं नाही. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला पक्षीतज्ज्ञ सालीम अलींचा. त्या आठवड्यात खान्देशातल्या प्रत्येक शाळेत ही शहाद्याची गोष्ट सांगितली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. माझ्या लेकीच्या वर्गात सांगितली तेव्हा नंदुरबारकडून आलेला एक मुलगा एकदम ताठ बसला.

तर परत आमच्या ओपन स्पेसवर. यावर्षीच्या फेरीत मावशींना मी विचारलं की तुमच्या गावी तर हे सगळं भरपूर असेल ना. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फवारा मारा नि बठ्ठं जयी गे व माय." फवारा मारला आणि सगळं जळून गेलं, म्हणजे तणनाशक. कपाशीत निंदणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून लोक बांधापर्यंत फवारतात, आणि बांधावरची घोळ, पाथरी, केना, तरोटा सगळं एका फवाऱ्यात पिवळं पडतं. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, माझा भाऊ पण फवारतो आणि का फवारतो ते मला माहितीये. पण मी त्याला एवढंच म्हटलं की बांध सोड, पिकात मार पण बांध सोड. त्यानं विहिरीकडचा एक बांध सोडलाय यावर्षी. आई तिथून अंबाडी आणि तांदुळजा आणते, कण्या घालून अंबाडीची भाजी करते, आणि मला फोन करून सांगते आज बांधावरची भाजी केली म्हणून.

मीटिंगमध्ये शेवटी असं ठरलं की चालण्यापुरती कडेनं एक पट्टी ब्लॉकची, पोरांना खेळायला मधली जागा साफ, आणि मागची कुंपणाकडची अर्धी जागा पावसाळ्यात कापायची नाही. सगळे खूश नाहीयेत. सापाची भीती खरी आहे, म्हणून आम्ही तिथं पोरांना एकटं सोडत नाही, मोठं माणूस काठी घेऊन पुढे असतं, पायात बूट. भाजी खुडायची तर कोवळे शेंडे खुडायचे, मुळासकट उपटायचं नाही, हा नियम मावशींनी घालून दिलाय. आणि नाल्याकडच्या कोपऱ्यातलं काहीच खायचं नाही, तिथं सांडपाणी येतं.

आता सगळ्यांचं लक्ष त्या कटुर्ल्याच्या वेलाकडे आहे. कटुर्ल्याचं असं असतं की नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा, फळ फक्त मादीला धरतं आणि तेही आसपास नर असला तर. ओळखायचं कसं, तर फुलाच्या खाली छोटंसं काटेरी फळ दिसलं की मादी, नुसता देठ असला की नर. गेल्या वर्षी बघायच्या आतच कुणीतरी बकऱ्या सोडल्या आणि वेल गेला, पण कंद जमिनीत होता, त्यामुळे यावर्षी पहिल्या पावसाला तो परत वर आला. पोरांनी त्याला तार बांधून दिली. रोज संध्याकाळी सात-आठ जण टॉर्च घेऊन जायचे, कारण फूल संध्याकाळी उमलतं. परवा पहिलं पिवळं फूल आलं. माझी लेक पळत आली, म्हणाली आई, नुसता देठ आहे.

नर निघाला. पोरांचे चेहरे पडले. काल मावशी आल्या तेव्हा सगळ्यांनी त्यांना घेरलं, तुमच्या गावाहून मादीचा कंद आणून द्या म्हणून. मावशींनी वेल नीट बघितला, पान उलटं करून बघितलं, म्हणाल्या आत्ता काढला तर तिकडचा पण मरेल आणि इकडचा पण लागणार नाही, वेल वाळू दे. पोरांनी विचारलं मग कधी.

"आखाजीले माहेरले जासू, तवय लई येसू."

लेकीनं कॅलेंडरवर पुढच्या वर्षीची आखाजी शोधायला घेतली, तर आमच्या घरातलं कॅलेंडर डिसेंबरलाच संपतं.