अ‍ॅशवेलच्या भिंतीवरचं एकोणपन्नास

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून केंब्रिजकडे जाणारी, सगळीकडे थांबणारी गाडी पकडली की साधारण तासाभरात अ‍ॅशवेल अँड मॉर्डन स्टेशन येतं. नाव अ‍ॅशवेलचं असलं तरी गाव तिथून दोन मैलांवर आहे. मी दोन्ही वेळा चालतच गेले. शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर गाव दिसायच्या आधी सेंट मेरी चर्चचा मनोरा दिसतो. 176 फूट उंच, वर शिशाने मढवलेली अगदी बारीक सुई.

पहिल्या खेपेला माझा दिवस चुकला. डिसेंबरातला रविवार होता आणि आत प्रार्थना चालू होती. हे गावाचं चालतं चर्च आहे, रविवारची सकाळ गावकऱ्यांची. मी बाहेर थांबले. आत शिरले तेव्हा आभाळ इतकं भरून आलं होतं की मनोऱ्याखालच्या भिंतीवर नुसते ओरखडे दिसले. चौदाव्या शतकातल्या प्लेगबद्दल कुणीतरी तिथे कोरून ठेवलंय. त्याच भिंतीसाठी आले होते, आणि एक अक्षर लागलं नाही.

मग एप्रिलमध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवशी, टॉर्च घेऊन गेले.

चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं लाकडी दार आहे. त्याला लिचगेट म्हणतात. लिच म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रेत. शवपेटी इथे टेकवायची आणि पाद्री येईपर्यंत थांबायचं. आपल्याकडे स्मशानाच्या वाटेवर विसावा असतो, तसाच हा. मी नकळत चप्पल काढायला वाकले होते.

दक्षिणेच्या देवडीतून आत गेलं की उजवीकडे वेदी आणि डावीकडे, पश्चिमेला, मनोरा. वेदीपाशी एक वयस्कर बाई फुलं रचत होत्या. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर त्या हातातलं काम टाकून उठल्या. मी टॉर्च सरळ भिंतीवर मारत होते. त्यांनी माझं मनगट धरून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवला, उजेड आडवा सोडला. आणि भिंत उमटली! दुसरा शब्द सुचत नाही. प्रत्येक ओरखड्यात सावली भरली आणि अक्षरं वर आली.

इथला दगड क्लंच नावाचा, म्हणजे खडूचाच घट्ट प्रकार. सुरीच्या टोकाने सहज कोरता येतो, म्हणून चौदाव्या शतकापासून लोकांनी इथे कोरून ठेवलंय. एका खांबावर कुणीतरी लॅटिनमध्ये तक्रार केलीय की कोपरे नीट जुळलेले नाहीत, मी थुंकतो त्यांच्यावर. बांधकामावर चिडलेला माणूसच तो. मनोऱ्याखाली एका मोठ्या चर्चचं चित्र आहे, ते लंडनच्या जुन्या सेंट पॉल्सचं मानतात. ते कॅथीड्रल 1666च्या आगीत गेलं. दगड मऊ असल्याने बोट लावायचं नाही. बाईंनी हे मला दोनदा बजावलं, आणि ते योग्यच होतं.

प्लेगचा मजकूर, तोही लॅटिनमध्ये, उत्तरेच्या भिंतीवर आहे. त्या काळच्या लिपीत एम, एन, यू, आय ही अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या रेघा, त्यामुळे कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळत नाही. मी तो मजकूर छापील कागदावर नेला होता आणि एकेक रेघ मोजत गेले. सुरुवातीला आकडे लागले. 'एम, सी तीनदा, एक्स पाचदा'. हजार, तीनशे, पन्नास. 1350. तिथेच दुसरी एक ओळ पहिल्या साथीचं वर्ष सांगते, आणि तिथे पन्नाससाठीच्या 'एल' पुढे लिहिलंय 'मिनुस उनो'. पन्नासात एक उणे. मी ते मोठ्याने मराठीत म्हटलं, एकोणपन्नास! लहानपणापासून हजारदा उच्चारलेल्या शब्दाची फोड मला त्या भिंतीवर दिसली. एक ऊन पन्नास. 1349.

साथ इंग्लंडात 1348च्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर उतरली आणि पुढच्या वर्षी देशभर पसरली. तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली, असा अंदाज आहे.

शेवटच्या आकड्याने मला अडवलं. मजकूर म्हणतो की अखेरीस याच वर्षी मॉरसचं प्रचंड वारं जगभर गरजतंय, 1361. संत मॉरसचा दिवस म्हणजे 15 जानेवारी, आणि ते वादळ तर 1362चं. नॉरिच कॅथीड्रलचा कळस त्यातच कोसळला. मग कोरणारा चुकला का? नाही. त्या काळी इंग्लंडात वर्ष 25 मार्चला बदलायचं. आपलं शक पाडव्याला बदलतं, जानेवारीत जुनंच चालू असतं, तसंच. माणूस अगदी बरोबर होता.

आता मधली ओळ. ती मी शेवटी ठेवली होती. 'सुपरेस्ट प्लेब्स पेस्सिमा टेस्टिस'. उरली आहे ती सगळ्यात वाईट प्रजा, साक्षीला.

आमची आजी पुण्याची. तिच्या लहानपणी प्लेग पुन्हापुन्हा यायचा. घरात उंदीर पडला की कुलूप लावून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जायचं. एका साथीत तिचे दोन भाऊ काखेत गाठ येऊन तीन दिवसांत गेले. ती ही गोष्ट नेहमी एकाच वाक्याने संपवायची, "चांगली होती ती गेली, आम्ही उरलो." मला लहानपणी राग यायचा. तू का वाईट, म्हणून मी भांडायचे. ती नुसती सुपारी कातरत राहायची.

त्या भिंतीसमोर मला ते वाक्य दुसऱ्या माणसाच्या अक्षरात दिसलं. त्याने पेस्सिमा लिहिलं तेव्हा त्याच्या घरातलं कोण गेलं होतं, ते कुठे कोरलेलं नाही.

मी बराच वेळ तिथे होते. बाईंची फुलं रचून झाली. त्यांनी मला विचारलं, वाचता आलं का? मी हो म्हटलं आणि आजीचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा सांगा, तुमच्या भाषेत. मी सांगितलं. त्यांनी 'उरलो' एवढा शब्द दोनदा म्हणून पाहिला.

निघताना दानपेटीत पैसे टाकले आणि दार ओढून घेतलं. उघडं राहिलं तर पाखरं आत येतात.