पडद्यासमोरची मोकळी जागा

मला घेऊन आलेली गाडी पुढे निघून गेली, तरी मी ला सियोता स्टेशनाबाहेर पडले नाही. फलाटाच्या कडेपासून चार पावलं मागे, जरा तिरकी उभी राहिले आणि पुढच्या गाडीची वाट पाहू लागले. फ्रान्समधल्या मार्सेच्या पूर्वेला, समुद्राकाठचं हे एक साधं स्टेशन. सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातले चित्रपट काढणाऱ्या ल्युमिएर बंधूंनी जवळजवळ इथेच कॅमेरा लावून गाडी स्टेशनात येतानाचं दृश्य टिपलं होतं. जेमतेम ५० सेकंदांचा चित्रपट, पण सिनेमाच्या प्रत्येक इतिहासात पहिल्या काही पानांवर त्याचं नाव येतंच.

पुढची गाडी आली. वळणावर आधी एक ठिपका, मग ठिपक्याचा डबा, मग डब्यांची रांग, आणि माझ्या डाव्या अंगाने सगळी धडधड पुढे सरकून थांबली. दारं उघडली, चारपाच माणसं उतरली. एवढंच. माझ्या मात्र अंगावर काटा आला.

तिथून गाव तीनेक किलोमीटरवर. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एडन थिएटरची पिवळसर इमारत लांबूनच ओळखू येते. ही वास्तू १८८९ची, म्हणजे सिनेमाहूनही वयाने मोठी. इथे नाटकं, गाण्याचे कार्यक्रम आणि कुस्त्यासुद्धा व्हायच्या. २१ मार्च १८९९ रोजी ल्युमिएरांच्या चित्रपटांचा तिकीट लावून खेळ झाला आणि एडन सिनेमाचं झालं. पुढे ते बंद पडलं, पडझड झाली. गावातल्या लोकांनी संस्था काढली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१३ साली दारं पुन्हा उघडली. माहिती सांगणाऱ्या बाईंच्या आवाजात हे सांगताना जो अभिमान होता, तो पाठ केलेला नव्हता.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती थिएटरचा लहानपणा. लाल खुर्च्या, छोटीशी बाल्कनी, आणि पडदा इतका जवळ की शेवटच्या रांगेतही आपण लांब बसलोय असं वाटू नये. दिवे मालवले आणि सकाळी जिथे मी उभी होते तो फलाट समोर उजळला.

हा चित्रपट मी फोनवर कितीदा तरी पाहिलेला. फोनवर गाडी दिसते. इथे माणसं दिसली. एक तरुण, हातात काठी आणि सोबत गाठोडं, क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहून बिचकतो. कुठे जावं ते न कळल्यासारखा अडखळतो आणि पुढे निघून जातो. कोणीतरी त्याला चित्रात घेतंय हे त्याला उमगलं असेल का? फलाटावरच्या गर्दीत ल्युमिएरांच्या घरचीही माणसं आहेत. गाडी अंगावर येतेय असं वाटून प्रेक्षक घाबरून पळत सुटले ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, पण इतिहासकारांना तिला त्या काळातला भक्कम पुरावा सापडलेला नाही. मला तर ती गोष्ट नसली तरी चालेल. घाबरायला नव्हे, शोधायला बसावं असं ते दृश्य आहे. कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी चाललेलं असतं, आणि कुठे पाहायचं ते कोणी सांगत नाही.

पॅरिसमध्ये आधी ग्रां रेक्स पाहिलं. ८ डिसेंबर १९३२ला उघडलेलं हे थिएटर प्रचंड आहे. मुख्य सभागृहात सुमारे २७०० माणसं बसतात. छत म्हणजे रात्रीचं आकाश, त्यात लुकलुकणाऱ्या चांदण्या, आणि दोन्ही बाजूंना भूमध्य समुद्राकाठच्या गावासारखे सज्जे आणि कमानी. मान दुखेपर्यंत वर पाहिलं. पण जुना चित्रपट पाहायला मी गेले ते लॅटिन क्वार्टरमधल्या ल शाँपोला. १९३८चं हे छोटं थिएटर एका रस्त्याच्या कोपऱ्यावर अंग चोरून उभं आहे. विद्यापीठ शेजारी असल्यामुळे रांगेत निम्मी मुलं विशी-बाविशीतली, आणि उरलेले लोक त्यांच्या आजीआजोबांच्या वयाचे.

खेळ होता मार्क्स ब्रदर्स या अमेरिकी विनोदवीर भावांच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'चा. १९३५चा चित्रपट. खरं सांगायचं तर घरी एकटीने पाहताना तो मला अधूनमधून रेंगाळल्यासारखा वाटला होता. एखादा विनोदी टोला मारून झाला की पात्रं उगीच थांबतात, एकमेकांकडे बघतात, सिगार चाळवतात. मला वाटायचं, जुन्या चित्रपटांची चालच संथ, आणि आपण ती सहन करायची.

तसं नाही हे शाँपोमध्ये कळलं. या चित्रपटातले प्रवेश चित्रीकरणाआधी रंगमंचावर करून पाहिले होते. कलावंत गावोगाव हिंडून ते प्रयोग करत आणि कुठल्या वाक्याला किती वेळ हशा टिकतो याच्या नोंदी घेतल्या जात. मग चित्रपटात तेवढी जागा सोडली गेली. घरी मला जो रेंगाळ वाटला होता, ती माणसांच्या हसण्यासाठी मोजूनमापून राखून ठेवलेली जागा होती. घरी तिथे कोणी हसणारं नव्हतं.

त्या दिवशी होतं. पडद्याखाली फ्रेंच उपशीर्षकं होती. ती वाचणारे लोक वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच हसत, आणि इंग्रजी ऐकून समजणारे अर्धा श्वास मागून. प्रत्येक टोल्याला हशाच्या दोन लाटा. जहाजावरच्या त्या चिमुकल्या खोलीत एकामागून एक माणसं शिरत जातात, तिथे तर तिसरी लाटही आली, कारण शेजारी हसतोय म्हणून हसणारेही होते. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि चष्मा पुन्हा लावेपर्यंत खोलीत आणखी एकजण शिरला होता. एकही वाक्य हशाखाली गाडलं गेलं नाही. ८०-९० वर्षांपूर्वी दुसऱ्याच देशातल्या प्रेक्षकांवर घेतलेलं माप या लोकांनाही बेतून शिवल्यासारखं बसलं.

मध्येच पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकून गेला. काही सेकंदांनी दुसरा. प्रत जुन्या रिळांवरून केलेली, त्यामुळे ते ठिपके तसेच राहिलेले. एक मोठं रीळ जेमतेम वीस मिनिटं चालायचं, म्हणून प्रोजेक्टर दोन असत. पहिला ठिपका दिसला की ऑपरेटरने दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, दुसरा दिसला की चित्र तिकडे वळवायचं. हे एकदा माहीत झालं की ठिपका दिसल्यावर आपलं लक्ष आपसूक मागे जातं. आपल्या डोक्यामागच्या त्या लहान खिडकीआड कोणीतरी दर खेळाला हा क्षण डोळ्यांत तेल घालून सांभाळत होतं.

आता अ‍ॅमस्टरडॅम. खरं म्हणजे मी प्रवासाला निघाले ती इथल्या तुशिन्स्की थिएटरसाठीच.

अब्राहम तुशिन्स्की हा पोलंडमधला ज्यू तरुण, मूळचा शिंपी. अमेरिकेला जायच्या वाटेवर रॉटरडॅमला उतरला आणि तिथेच राहिला. आधी परदेशी निघालेल्यांसाठी निवासगृह चालवलं, मग चित्रपटगृहं काढली. २८ ऑक्टोबर १९२१ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांट चौकाजवळ त्याने हे थिएटर उघडलं. दर्शनी भिंतीच्या दोन्ही टोकांना मनोरे, वर चकचकीत टाइल्स आणि लोखंडी दिवे. आजूबाजूची दुकानं त्याच्यापुढे कागदी वाटतात. दारातून आत पाऊल टाकलं की पायाखाली मोरोक्कोत विणलेला जाड गालिचा, त्यावर मोरपिशी आणि लाल नक्षी, आणि बाहेरचा सगळा आवाज एकदम बंद.

दुसऱ्या महायुद्धात याच थिएटरचं नाव पुसून तिथे 'टिवोली' लिहिलं गेलं. तुशिन्स्कीची रॉटरडॅममधली चित्रपटगृहं १४ मे १९४०च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली, आणि १७ सप्टेंबर १९४२ रोजी नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत त्याची हत्या झाली. अ‍ॅमस्टरडॅमची इमारत तेवढी उरली. युद्धानंतर नाव परत लागलं. १९९८ ते २००२ या काळात डागडुजी करताना भिंतींवरचे थर खरवडले, तेव्हा खालून मूळ चित्रं निघाली. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. हात लावायचा मोह आवरला.

पाहिला तो मूकपट, 'द फँटम कॅरेज'. विक्टर शोस्त्रॉमचा हा स्वीडिश चित्रपट १९२१च्या १ जानेवारीला प्रदर्शित झाला, म्हणजे चित्रपट आणि वास्तू एकाच वर्षाची अपत्यं. वर्षाच्या शेवटच्या रात्री जो सर्वांत शेवटी मरतो त्याला पुढचं वर्षभर मृत्यूची गाडी हाकावी लागते, अशी कथा. ती गाडी आणि गाडीवान पारदर्शक दिसतात. कॅमेऱ्यातली तीच फिल्म उलटी गुंडाळून, तिच्यावरच पुन्हा चित्रीकरण करून हे साधलंय. एक चूक झाली की आधीची सगळी मेहनत वाया. गाडी समुद्राच्या लाटांवरून निघाली तेव्हा माझ्या शेजारच्या मुलीने आईचा हात धरला.

साथीला ऑर्गन होता, पाइपांतून हवा सोडून वाजणारा. थिएटरचा ऑर्गन देवळातल्या भजनासारखा एकसुरी नसतो. पाइपांबरोबर त्यात ढोल, घंटा, झांजा सगळं जोडलेलं असतं, आणि वाजवणारा पडद्याकडे पाहत वाजवतो. खालचे सूर लागले की ते कानांआधी खुर्चीतून पाठीला कळतात. तासभर आम्ही सगळे त्या सुरांच्या आधाराने बसलो होतो. मग तो प्रसंग आला. दारुडा नवरा कुऱ्हाड घेऊन दार फोडतो, पलीकडे बायको आणि दोन मुलं.

पहिला घाव बसला आणि ऑर्गन थांबला.

मी चमकून खाली पाहिलं, काही बिघडलं की काय म्हणून. वाजवणाऱ्या बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. कुऱ्हाड पडत होती, फळ्या चिरत होत्या, आणि शेकडो माणसांच्या त्या सभागृहात खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. प्रत्येक घाव आम्ही आपापल्या कानांत ऐकत होतो. शाँपोमध्ये राखलेली जागा हशाने भरली होती. इथली जागा आमच्या रोखलेल्या श्वासांनी भरली. दार फुटलं, तेव्हा अगदी खालचा एक सूर हळूच उमटला आणि सगळं सभागृह एकदम खुर्चीत मागे टेकलं.

खेळ संपल्यावर मी पुढे गेले. बाई पायातले पातळ तळव्यांचे बूट काढत होत्या. पायपट्ट्या नीट जाणवाव्यात म्हणून ते घालावे लागतात, त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "सगळं लिहून ठेवलेलं असतं का?" त्यांनी हसून स्टँडवरचा कागद माझ्या हातात दिला. चित्रपट जवळजवळ पावणेदोन तासांचा, आणि कागदावर पेन्सिलीने लिहिलेल्या मोजून वीस-बावीस ओळी. समुद्र, घंटा, मुलं, असे शब्द आणि शेजारी काही खुणा. कुऱ्हाडीच्या ओळीसमोर एकही खूण नव्हती. मी तिथे बोट ठेवलं, तर त्या म्हणाल्या, "तिथे मी आधी वाजवायचे. मग एकदा लोकांकडे पाहिलं."