फुकटच्या इंजिनाचे पस्तीस हजार

भाऊ जिना चढून आले ते मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवूनच. "हे आयक." स्क्रीनवरचा गेम मीच केलेला होता. तान्ह्या पोळ्याचा, चाकं लावलेला लाकडी बैल गर्दीतून ओढत न्यायचा, नागपूरच्या एका गिऱ्हाइकासाठी. बैल पळायला लागला आणि मोबाईलमधून "हुर्रऽऽ" घुमलं.

"हा आमच्या म्हाताऱ्याचा आवाज हाय. नातवानं ओळखला. माहा गेम तू दुसऱ्याले विकला?"

मी धामणगावात बसून छोटे गेम करून देतो. लोकांना वाटतं दिवसभर खेळत असेन. निम्मा दिवस सात हजाराच्या फोनवर गेम का अडकतो ते शोधण्यात जातो. भाऊंचं कृषी केंद्र आहे, त्यांना जाहिरातीसाठी शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा गेम हवा होता, तोही त्यांच्याच जोडीचा. पटासाठी नावाजलेलं तळेगाव दशासर इथून जवळ, आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा रस्ता मोकळा केल्यापासून जो तो पटाबद्दलच बोलत होता. पस्तीस हजारांत सौदा ठरला. तोंडी. आपल्याकडे लग्नाच्या मंडपापासून बोअरवेलपर्यंत सगळं तोंडीच ठरतं, मग गेम तरी कसा सुटेल.

त्या गेममध्ये मी सगळ्यात जास्त जीव ओतला तो आवाजात. भाऊंच्या गावचा म्हातारा धुरकरी, म्हणजे पटात जोडी हाकणारा, आता पटावर उतरत नाही, त्याला छकड्यावर बसवलं. पहिले सगळे टेक वाऱ्याने खाल्ले. मग त्यानेच बांधावरच्या पऱ्हाटीचं बोंड तोडून दिलं, म्हणाला, हे गुंडाळ. माईकला कापूस लपेटला, वर रुमाल बांधला, आणि वारा गेला. उरला तो नुसता गळा. खालून उठणारा, मधेच चिरणारा, शेवटी शीळ झाल्यासारखा. असा आवाज विकत मिळत नाही, मी शोधून पाहिलाय.

काम मी आधी युनिटी नावाच्या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये सुरू केलं होतं. 12 सप्टेंबर 2023 ला त्या कंपनीने जाहीर केलं, की वर्षाची कमाई 2 लाख डॉलर आणि एकूण इन्स्टॉल 2 लाख ओलांडले की नव्या वर्षापासून प्रत्येक इन्स्टॉलमागे 20 सेंटपर्यंत पैसे. तेव्हाच्या भावाने साडेसोळा रुपये. आमचा गेम त्या आकड्यांच्या वाऱ्यालाही उभा राहणार नव्हता, पण भर हंगामात भाव बदलणाऱ्या व्यापाऱ्याकडे माल टाकायचा नाही, एवढं शेतकऱ्याच्या पोराला कळतं. दहा दिवसांत त्यांनी माघार घेतली, वर्षभराने ती फीच रद्द केली. तोवर मी सगळं गोडो या दुसऱ्या इंजिनावर नेलं होतं. दोन महिने गेले, त्याचे पैसे कुणी दिले नाहीत.

गोडो फुकट आहे. एमआयटी परवाना, वापरा, बदला, विका, फक्त परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. त्यासाठी सेटिंगमध्ये मी 'परवाने' असं बटण दिलं. भाऊंना ते तेव्हापासूनच खुपत होतं. त्या मजकुरात हुआन लिनिएट्स्की आणि एरिएल मंझुर ही दोन अर्जेंटिनाची नावं आहेत. "माया गेमात हे कोन पाहुने? तिथं दुकानाचा नंबर टाक." मी टाकला नाही.

त्या दिवशी हे सगळं पुन्हा निघालं. "मंग इंजिन त मले देऊन टाक," भाऊ म्हणाले.

"इंजिन माझं नाहीच भाऊ. सगळ्यांचं आहे."

"म्हंजे ई-क्लासवानी?"

"हाव." ई-क्लास म्हणजे गावाची सरकारी चराईची जमीन, तिथं कुणाचंही जनावर चरतं.

"ई-क्लासवर बैल फुकटात चारला, आन् माह्यापासून पस्तीस हजार कायचे घेतले बाप्पा?"

यावर मी बरंच बोललो. अनरियल नावाचं इंजिन आहे, ते बटईवालं, एका गेमची कमाई 10 लाख डॉलरवर गेली की वरच्या पैशात 5 टक्के. इंजिन वेगळं, त्यावर मी लिहिलेला पळण्याचा, वळण्याचा, कॅमेऱ्याचा कोड वेगळा, तो मी दर गेमला वापरणारच. बैलांची चित्रं, गेमचं नाव, दुकानाची पाटी तुमची. पण बोलताना मलाच कळत होतं, की आवाज यातल्या कुठल्याच ढिगात बसत नाही. शिवाय प्ले स्टोअरवर गेम माझ्या खात्यावर आहे, कारण त्या वेळी नव्या वैयक्तिक खात्याला 20 जणांकडून सलग 14 दिवस गेम तपासून घ्यावा लागायचा, आणि एवढी माणसं जीमेलचा पासवर्ड आठवून भाऊंना मिळाली नाहीत. म्हणजे किल्लीही माझ्याकडेच.

संध्याकाळी वकिलाला विचारलं. तो खूश. 1957 चा कॉपीराइट कायदा, संगणक प्रोग्राम म्हणजे साहित्यकृतीच. तू भाऊंचा नोकर नाहीस, म्हणून मालक तू. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. लेखी काही आहे? नाही. "मग झोप निवांत." वकिलांना कागद नसल्याचा इतका आनंद होतो हे मला माहीत नव्हतं.

झोप आली नाही. तो आवाज मी मुद्दाम घेतला नव्हता, जुन्या प्रोजेक्टचं फोल्डर कॉपी करताना सोबत आला आणि बैलावर चपखल बसला, म्हणून राहू दिला. पण राहू दिला मीच.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याकडे गेलो, दोन्ही गेम ऐकवले. मला वाटलं पैशाचं बोलेल. त्याने पोळ्याचा गेम पुन्हा लावायला सांगितला. "हा उजव्याले देल्ला होता," म्हणाला, "तो मांगं पडत होता. इथं त एकच बैल हाय, आन् तोही लाकडाचा. याले काऊन ओरडून राह्यलो मी?"

पोळ्याच्या गेममधला आवाज काढला, शिट्टी टाकली. भाऊंना त्यांच्या गेमपुरता पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार करून दिला, कोड वगळून. म्हाताऱ्याचं नाव 'परवाने'च्या पानावर अर्जेंटिनावाल्यांच्या वर टाकलं, त्यावर मात्र भाऊंनी हरकत घेतली नाही.

परवा नागपूरच्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला. पोरं विचारतात, तो आधीचा आवाज कुठे गेला, तोच लावा ना परत, हवे तर वेगळे पैसे घ्या. निळ्या टिका दिसून दोन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही.