अडीच मीटर कापड आणि एक आडवा धागा

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला नवा कुर्ता घालायचा म्हणून डिसेंबरातच अडीच मीटर सुती कापड आणलं. पन्हा ४४ इंच. मापं, कागदावरची आखणी, पुढे शिवणकाम, यातलं काहीच जड गेलं नाही. अडलं ते कापड बेतताना, कात्री लावायच्या आधीच.

कापड धुऊन, इस्त्री करून अंथरलं. घडी घालून काठाला काठ (विणतानाच तयार होणारी, न उसवणारी लांबीची किनार) जुळवला, तर वरची कापलेली कड जुळेना. एक टोक तब्बल तीन इंच खाली. कड जुळवावी तर घडीवर तिरक्या चुण्या. दुकानदाराने गप्पा मारत कात्री चालवली होती, त्याचा मला अजून राग आहे. मागच्या वेळी मी अशीच कड सरळ समजून कुर्ता बेतला होता. पहिल्याच धुण्यात बाजूची शिलाई फिरून पोटावर आली.

सासूबाईंनी उमेदीची वर्षं यंत्रमागावर काढलीत. त्या म्हणाल्या, "अगं, कात्रीच्या कडेचं काय खरं? आडवा धागा ओढ."

काठाजवळ छोटी खाच दिली, सुईच्या टोकाने एक आडवा धागा उचलला आणि हलके ओढत गेले. कापड चुणतं, चुण्या बोटाने पुढे सारायच्या. वीतभर गेलं की धागा तुटायचाच. मग तिथवर कापायचं, टोक शोधायचं, पुन्हा ओढायचं. ४४ इंचांना पाऊण तास लागला. पण धागा निघतो तिथे केसाएवढी रेघ दिसते, आणि तीच खरी सरळ रेघ.

तरी कोपरे जुळेनात, कारण कापडच तिरकं ओढलं गेलं होतं. मग पाणी शिंपडून, आत गेलेले समोरासमोरचे दोन कोपरे दोघींनी धरून ताणले. शेवटी काठ फरशीच्या एका सांध्यावर आणि कड आडव्या सांध्यावर बसली, तेव्हा जिवात जीव आला.

पुढचं बेतणं अर्ध्या तासात झालं. कागदावरच्या उभ्या रेघेचं काठापासूनचं अंतर वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा, ते सारखंच हवं. कागद सरकू नये म्हणून मी स्टीलचे डबे ठेवले. कापताना कापड उचलू नका, कात्रीचं खालचं पातं फरशीला टेकूनच चालवा.

त्या तीन इंचांपायी माझ्या बाह्या मात्र कोपरापर्यंतच आल्या. म्हणून १५ सेंटीमीटर जास्तच घ्या. आणि हो, छापील कापड असेल तर दुकानातच घडी घालून पाहा. छपाई धाग्याला धरून असेलच असं नाही.

यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला तो कुर्ता घातला. आतापर्यंत चार वेळा धुतला, शिलाई बाजूलाच आहे. साधं सुती घेताना आता मी दुकानदाराला कात्री उचलूच देत नाही. "फाडून द्या" म्हणते. फाडलं की ते आडव्या धाग्यातच फाटतं.