तुम्ही विचारलंत म्हणून: धाक चौकटीत कसा उतरतो

प्रौढांसाठी कॉमिक्स काढू पाहणारे हमखास विचारतात: एका माणसाचा दुसऱ्याच्या मनावरचा ताबा चित्रात दाखवायचा कसा? रक्त न सांडता वाचकाचा जीव गुदमरला पाहिजे.

'व्ही फॉर व्हेंडेटा' उघडा. लेखन अ‍ॅलन मूर यांचं, चित्रं डेव्हिड लॉइड यांची. १९८२ मध्ये 'वॉरियर' या ब्रिटिश मासिकात ते कृष्णधवल सुरू झालं आणि १९८८-८९ मध्ये डीसी या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनाकडे रंगीत होऊन पुरं झालं. मनातल्या विचारांचे फुगे नकोत, धाडधूम आवाजांची अक्षरंही नकोत, हा लॉइड यांचा आग्रह होता. त्यामुळे ईव्ही, म्हणजे मुखवटाधारी बंडखोर व्हीनं आसरा दिलेली तरुणी, कोठडीत पडते तेव्हा तिला काय वाटतंय हे कुणी सांगत नाही. भादरलेलं डोकं, भिंतीतलं उंदराचं बीळ, त्यातून हाती आलेलं टॉयलेट पेपरवरचं पत्र. बाकी सगळं तिच्या चेहऱ्यावरून वाचायचं. कबुलीजबाबावर सही कर, नाहीतर गोळी. ती नकार देते, आणि मग कळतं की कोठडी व्हीनंच रचली होती. पत्र तेवढं खरं, आधीच्या एका कैदी बाईचं.

अनेकांना व्ही इथे मुक्तिदाता वाटतो. मला अजिबात पटत नाही. तू मोकळी झालीस, हे तिला सांगणारा माणूस तिला कोंडणाराच आहे. जखमेला नावही जखम करणाऱ्यानंच द्यायचं, ताबा म्हणतात तो हाच.

आता हात कागदावर. पानावर सहा किंवा नऊ सारख्या चौकटी आखा आणि दृश्य सगळीकडे एकाच जागेवरून दाखवा. ताबा घेणाऱ्याचा फुगा डावीकडे वर हवा, म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याचा शब्द वाचला जातो. ताब्यातल्या बाईचा फुगा लहान, खाली. दोन-तीन पानांनी तिच्या उत्तराची चौकट येईल तिथे फुगाच ठेवू नका.

फसतं ते बहुतेकदा नजरेच्या जागेवर. चित्र छळणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागलं, बाईच्या शरीरावर रेंगाळलं, की वाचक त्याच्या बाजूला जाऊन बसतो. 'एलियस' (२००१-०४) या कॉमिक्समध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि मायकल गेडॉस यांनी हे टाळलं. दुसऱ्यांच्या मनावर हुकूम चालवणाऱ्या किलग्रेव्हनं नायिका जेसिका जोन्सला आठ महिने ताब्यात ठेवलं होतं, आणि ते आपल्याला तिच्याच तोंडून कळतं. एरवीची पानं गेडॉस यांची, काळपट आणि खरखरीत. किलग्रेव्हच्या त्या दिवसांची मार्क बॅगली यांच्याकडून, जुन्या सुपरहिरो कॉमिक्ससारखी लख्ख. त्या लख्खपणानंच पोटात गोळा येतो.

पान झालं की छळणाऱ्याचे सगळे फुगे कागदाच्या कपट्यांनी झाका. नुसत्या चित्रांतून त्याचा धाक जाणवत नसेल, तर पान पुन्हा आखा.