अक्कांनी गोळी बंद केलीय

रविवार, रात्री पावणेअकरा

झोप येईना म्हणून वही घेऊन बसलेय. दुपारी सगळे थोरल्या जाऊबाईंकडे, म्हणजे अक्कांकडे, जेवायला होतो. रविवार म्हणजे मटण आलंच, तांबडा-पांढरा, आणि अक्कांच्या हातच्या पांढऱ्या रश्श्याला तोड नाही. जेवणं झाल्यावर त्यांच्याबरोबर स्वयंपाकघर आवरत होते, मिठाची बरणी मागं सरकवायला गेले तर हाताला स्ट्रिप लागली. ॲटोरव्हास्टॅटिन 40, कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी, आख्खी स्ट्रिप, एकही गोळी फोडलेली नाही, आणि तिच्यामागं अजून दोन तशाच. माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. दोन वर्षांपूर्वी अक्कांना अटॅक येऊन गेलाय, हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, आहे, आणि ही गोळी त्यांना जन्मभराची सांगितलीय.

मी नुसतं "अक्का?" म्हटलं तशा हातातलं फडकं ठेवून हळूच म्हणाल्या, "बंद केलीय बघ मी. पाच आठवडे झाले. पाय इतके भरून यायचे गं, महाद्वार रोडवरनं अंबाबाईपर्यंत जायचं म्हटलं तरी दोनदा बसाय लागायचं. कुणाला सांगू नकोस, ह्यांना तर अजिबात नको, उगं डोक्याला घेतील."

मला त्यांना रागवताच येईना, कारण गेल्या वर्षी मीही हेच केलं होतं, अगदी अस्संच, कुणाला न सांगता.

माझं सगळं सुरू झालं गेल्या जानेवारीत, ऑफिसात तपासणी शिबिर होतं तेव्हा. एकूण कोलेस्टेरॉल 260, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 186, दोन्ही जास्त. मला आधी खरंच वाटेना कारण मी काही जाडी नाही, रंकाळ्यावर रोज चालते, तळलेलं फार खात नाही. पण बाबा पण तसेच होते की. गंगावेशीतल्या कट्ट्यावर पहाटे म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन सायकलवर कामाला जाणारा माणूस, अंगावर चरबी म्हणून नाही, आणि छप्पन्नाव्या वर्षी बसल्या जागी गेले. तेव्हा कोलेस्टेरॉल तपासायचं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. रिपोर्ट हातात आला तेव्हा मला बाबांची सायकल आठवली, खरंच सांगते, अंगणात भिंतीला टेकवलेली.

ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी ॲटोरव्हास्टॅटिन 20 चालू केली. सहा आठवड्यांनी एलडीएल 104 वर आलं, सगळे खूश. पण साधारण पाचव्या आठवड्यापासून मांड्या दुखायला लागल्या होत्या, दोन्ही, पुढच्या बाजूनं, जणू आदल्या दिवशी जोतिबाचा डोंगर चढून आलेय. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठडा धरून उभी राहायला लागले. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी रिपोर्टवरनं मान वर न काढताच सांगितलं, वय झालं की हे होतंच, गोळी चालू ठेवा. बस्स. कुठं दुखतं, कधीपासून, एका बाजूला की दोन्ही, काही विचारलं नाही.

ते मला फार लागलं. रात्री मोबाइलवर वाचत बसले आणि रात्री वाचू नये ते सगळं वाचलं, त्यात 2001 साली ह्याच जातीची एक गोळी, सेरिव्हास्टॅटिन, स्नायू विरघळून माणसं दगावली म्हणून बाजारातनं काढून घेतली हे पण वाचलं, मग काय, दुसऱ्या दिवशी होळी होती, पोळ्या करता करता ठरवूनच टाकलं की आता नाही घ्यायची. घरात ह्यांना वाटत होतं घेतेय. मी स्ट्रिपमधनं रोज एक गोळी काढून टाकत होते. अक्कांनी निदान तेवढं तरी केलं नाही.

जूनमध्ये परत रक्त तपासलं, एलडीएल 179. म्हणजे तीन महिन्यांत जिथनं निघाले होते तिथंच. तेव्हा घाबरले आणि राजारामपुरीतल्या आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, ज्यांना आम्ही सगळे मॅडमच म्हणतो, आणि त्यांना खरं खरं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, मांडीवर हात ठेवून दाखव बरं नेमकं कुठं. मला तिथंच रडू आलं.

मग त्यांनी बरंच विचारलं. दोन्हीकडं सारखं दुखतं का एका सांध्यात, कारण गोळीचं दुखणं बहुतेक दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्नायूंत येतं, मांड्या, पोटऱ्या, खांदे, आणि बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर. लघवी कधी चहासारखी, कोल्ड्रिंकसारखी काळपट झाली का, तसं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, पण ते फार क्वचित होतं. दुसरी काय औषधं चालू होती. सीपीके ही रक्ततपासणी करायला सांगितली, स्नायूंना इजा होत असली तर ते वाढतं. आणि थायरॉईडची टीएसएच, कारण थायरॉईड कमी पडला तर कोलेस्टेरॉल पण वाढतं आणि अंग पण दुखतं, दोन्ही एकदम. माझं दोन्ही नॉर्मल आलं.

प्रिस्क्रिप्शनच्या मागं त्यांनी लिव्हरचं चित्र काढलं होतं, तो कागद अजून ह्या वहीत आहे. आपण खातो त्यापेक्षा जास्त कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यातलं बरंचसं लिव्हर, ही गोळी तिथलं एक एन्झाइम अडवते, मग लिव्हरला कमी पडतं म्हणून ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. ह्या जातीचं पहिलं औषध मुळात एका बुरशीतनं सापडलं हेही तेव्हाच कळलं, 1973 साली अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं हजारो बुरश्या तपासल्या तेव्हा क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची एक मिळाली. मला ते ऐकून का कुणास ठाऊक बरं वाटलं, तांदळाच्या बुरशीतनं आलेलं म्हणजे आपल्या डब्यातलंच काहीतरी.

आणि मग त्यांनी तो लंडनचा प्रयोग सांगितला, जो मला आधी अजिबात आवडला नाही. इम्पिरिअल कॉलेजमधला, 2020 मध्ये छापून आलेला. त्रासामुळं स्टॅटिन, म्हणजे ह्याच जातीच्या गोळ्या, सोडलेले 60 जण घेतले, प्रत्येकाला वर्षाच्या बारा बाटल्या. चारात खरी ॲटोरव्हास्टॅटिन 20, चारात हुबेहूब तशी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. रोज मोबाइलवर त्रास किती ते 0 ते 100 मध्ये सांगायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी 8 आली, बिनऔषधाच्या गोळीला 15.4, आणि खऱ्या गोळीला 16.3. म्हणजे गोळी घेतल्यानं जो त्रास वाढला त्यातला नव्वद टक्के औषध नसलेल्या गोळीनं पण झाला. ह्याला नोसिबो म्हणतात.

मी म्हटलं, मॅडम म्हणजे मी नाटक करत होते का? त्या म्हणाल्या, नाही गं, आकडा 15 आहे, शून्य नाही, त्या लोकांना खरंच दुखलं. त्रास होणार अशी भीती बसली की शरीर बारीकसारीक दुखणं मोठं करून सांगतं, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर काहीतरी दुखत असतंच, ते सगळं त्या एका गोळीच्या नावावर जमा होतं. पण काही जणांना खरंच औषधानंच दुखतं, तू त्यातली आहेस का नाहीस ते मी तुझ्या तोंडाकडं बघून कशी सांगू? आपण बघू या. आणि ही वही करायला सांगितली. गोळी चालू करायच्या आधी तीन आठवडे नुसतं लिहायचं, रोज रात्री, डावी मांडी किती, उजवी किती, 0 ते 10, आणि त्या दिवशी काय काम केलं.

ते तीन आठवडे नेमके पावसाळ्यात आले. आईचं घर शुक्रवार पेठेत, घाटाच्या बाजूला, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याशी 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की आमच्याकडं सामान हलवायला सुरुवात होते. भाऊ, वहिनी आणि मी दिवसभर धान्याचे डबे, गाद्या, देव्हारा, सगळं वरच्या मजल्यावर चढवलं. त्या रात्रीची नोंद आत्ता काढून बघितली. माझंच अक्षर. डावी 7, उजवी 7. गोळी बंद होऊन चार महिने झालेले होते.

ती ओळ मी कितीदा वाचली असेल. मार्चमध्ये हेच सात आले असते तर मी डोळे झाकून गोळीला दोष दिला असता. पण म्हणून पहिलं दुखणं पण मनाचंच होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. तेव्हा मी काही वाचलेलं नव्हतं, भीती नव्हती, आणि दुखायला आधी लागलं, वाचलं नंतर. माझ्या मते ते गोळीचं होतं आणि मॅडमनी पण ते कधी खोडून काढलं नाही. त्यांनी औषध बदललं, त्याच जातीचं रोझुव्हास्टॅटिन, फक्त 5 चा डोस. ऑगस्टभर वहीत 2, 3, 2, 1, गणपतीत 4 कारण मोदक आणि उभं राहणं, परत 2. जिना चढता यायला लागला. ऑक्टोबरमध्ये एलडीएल 112. डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के अजून उतरतं, त्रास मात्र वाढू शकतो, म्हणून त्यांनी डोस तसाच ठेवून एझेटिमाइब जोडलं, ते आतड्यातनं शोषलं जाणारं कोलेस्टेरॉल अडवतं. गेल्या आठवड्यात 91 आलं.

हे सगळं आज अक्कांना ओट्यापाशी उभ्या उभ्या सांगितलं, आवाज बारीक करून, बाहेर पुरुष मंडळी टीव्हीवर मॅच बघत होती. त्यांचं दुसरं म्हणणं होतं की ह्या गोळीनं साखर वाढते, शेजारणीनं सांगितलंय. ते तसं खोटं नाही, मीच मॅडमना विचारलं होतं, साधारण 255 जणांनी चार वर्षं घेतली तर एखाद्याला जास्तीचा डायबेटिस निघतो, तोही बहुतेक ज्याची साखर आधीच काठावर असते त्याला. पण स्टेंट असलेल्या माणसाच्या बाजूनं तराजू धरला तर अटॅक टळण्याचं पारडं कितीतरी जड आहे. अक्का म्हणाल्या लसूण खातोय की मी रोज, अर्जुनसालीचा काढा पण घेतोय. खाऊ देत लसूण, पण 40 च्या गोळीचं काम लसूण करणार नाही आणि त्यांना असं बोलून दाखवणारं घरात कुणी नाही, सगळे त्यांच्या हातचं खाऊन कौतुक करून जातात.

मग मी त्यांना मॅडमसारखं विचारलं, नेमकं कुठं दुखतं. तर उजवा गुडघा, तो गोळी बंद करूनही तस्साच आहे, आणि पोटऱ्या दोन्ही, त्या जरा कमी झाल्यात. कधीपासून वाढलं? डिसेंबरात, तो मोठा खोकला झाला होता तेव्हापासून. खोकल्याला काय दिलं होतं? त्या म्हणाल्या अँटिबायोटिक होतं काहीतरी, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातनं, आणि ड्रॉवरमधनं चिठ्ठी काढून दिली. क्लॅरिथ्रोमायसिन. माझ्या काळजात चर्र झालं, कारण मॅडमनी दुसरी औषधं विचारताना हेच नाव घेतलं होतं. ॲटोरव्हास्टॅटिनबरोबर ते दिलं की स्टॅटिन शरीरातनं लवकर बाहेर जात नाही, रक्तात साठत जातं, आणि स्नायूंचा त्रास वाढू शकतो. हेच झालं असं मी कशी म्हणू, मी काही डॉक्टर नाही, अक्कांना पण तेवढंच म्हटलं. पण त्या डॉक्टरांना स्टेंटच्या गोळ्या चालू आहेत हे सांगितलं होतं का? अक्का म्हणाल्या, "त्यांनी विचारलंच न्हवं."

एवढंच. कुणी विचारलं नाही म्हणून हिनं सांगितलं नाही, आणि हिनं सांगितलं नाही म्हणून पाच आठवडे स्टेंट बसवलेली बाई बिनगोळीची फिरतेय. मला राग नेमका ह्याचा येतोय, अक्कांचा नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांना सांगावं की नाही ह्यात दोन तास गेले. शब्द दिलाय. शेवटी साडेनऊला अक्कांनाच फोन लावला आणि सरळ म्हटलं, भावजींना मी सांगत नाही, पण उद्या सकाळी तुम्ही तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन करून सांगायचं, गोळी बंद आहे आणि का बंद आहे, आणि लवकरात लवकरची वेळ घ्यायची. ते गोळी बदलतील, डोस बदलतील, काय करायचं ते करतील, पण त्यांना माहीत पाहिजे. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग म्हणाल्या, "करतो फोन. पण तिथं जाताना तू पण चल. मला त्यांच्यापुढं बोलायला होत नाही."

बरोबर घ्यायचं: तिन्ही स्ट्रिप, खोकल्याची चिठ्ठी, स्टेंटच्या वेळची फाइल, शेवटचा रिपोर्ट. कपाटात कोरी वही आहे, ती पण नेते.

आजची नोंद. गोळ्या घेतल्या, नऊ वाजता. डावी 2, उजवी 2. अक्कांना फोनवरच विचारून घेतलं. पोटऱ्या 4, गुडघा 6.