एक लाखांची गर्दी आणि वरच्या रांगेतलं तिकीट

शिकागोच्या युनियन स्टेशनवरून ॲन आर्बरला जाणाऱ्या गाडीचं नाव ‘वूल्व्हरिन’. मिशिगन विद्यापीठाच्या संघांचं टोपणनावही तेच. त्यामुळे डिसेंबर २०१० मधल्या त्या शुक्रवारी आमचा डबा एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडासारखा दिसत होता. जिकडे पाहावं तिकडे निळ्या टोप्या आणि त्यांच्यावर पिवळा ‘एम’. कलमझू, बॅटल क्रीक, जॅक्सन अशी स्टेशनं मागे पडत गेली तसं वऱ्हाड वाढतच गेलं. दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट (ही दोन वेगळी विद्यापीठं) असा आईस हॉकीचा सामना होता, तोही विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये, उघड्यावर. नाव ठेवलं होतं ‘द बिग चिल ॲट द बिग हाउस’. (‘बिग हाउस’ हे या स्टेडियमचं टोपणनाव.)

माझा भाचा तेव्हा ॲन आर्बरला इंजिनियरिंगचं एमएस करत होता. तिकिटं त्यानेच काढून ठेवली होती आणि तीही सात-आठ महिने आधी. “मामा, आत्ता नाही घेतली तर नंतर मिळणार नाहीत,” असं तो एप्रिलमध्ये म्हणाला तेव्हा मला हसू आलं होतं. कॉलेजच्या पोरांचा हॉकीचा सामना आणि तिकिटं संपणार! पण मे महिन्यातच विद्यापीठाने एक लाखाहून जास्त तिकिटं गेल्याचं सांगून सर्वसाधारण विक्री थांबवली. आपल्याकडे रणजीचा सामना बघायला गेलात तर पाय पसरून झोपता येतं. इथे विद्यार्थ्यांच्या खेळाला वानखेडे तीन वेळा भरेल एवढी माणसं.

मुळात हा संघ एरवी खेळतो कुठे? यॉस्ट आईस अरीनात. विटांची जुनी इमारत, जेमतेम पाच-सहा हजारांची जागा. मिशिगन स्टेटचं ‘मन अरीना’ही साधारण तेवढंच. म्हणजे एरवी ज्या खेळाला सहा हजार लोक येतात, त्याच खेळाला एक दिवस त्याच्या सतरा-अठरा पट बोलवायचं. हे कसं जमतं, आणि तिकिटाचा भाव कोण ठरवतं, हे मला खेळापेक्षा जास्त बघायचं होतं. (हिशेबाचा माणूस आहे, सवय जात नाही.)

हे वेड सुरू केलं ते मिशिगन स्टेटनेच. ६ ऑक्टोबर २००१ रोजी ईस्ट लान्सिंगच्या स्पार्टन स्टेडियममध्ये त्यांनी हेच दोन संघ उघड्यावर खेळवले. ‘कोल्ड वॉर’ असं नाव दिलं, सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि ७४,५४४ प्रेक्षक आले. आईस हॉकीच्या सामन्याला तोवर एवढे लोक कधी जमले नव्हते. तो विक्रम मे २०१० मध्ये जर्मनीत गेल्सनकिर्शनला मोडला. जागतिक स्पर्धेतल्या जर्मनी-अमेरिका सामन्याला तिथे ७७,८०३ लोक आले. मिशिगनवाल्यांना आता हाच आकडा ओलांडायचा होता.

शनिवारी सकाळी आम्ही भाच्याच्या खोलीवरून चालतच निघालो. सामना दुपारी, पण मेन स्ट्रीटवर सकाळपासूनच पार्किंगचा बाजार मांडलेला. समोरच्या पायोनियर हायस्कूलचं आवार गाड्यांनी भरलेलं आणि आसपासच्या घरांनीही आपापल्या अंगणात गाड्या घ्यायला सुरुवात केलेली. एक आजोबा पुठ्ठ्यावर भाव लिहून रस्त्याच्या कडेला उभे होते. गर्दी वाढली की पुठ्ठा उलटा करायचे. मागच्या बाजूला वाढीव भाव आधीच लिहून ठेवलेला! विमान कंपन्या ज्यासाठी मोठमोठी सॉफ्टवेअर बाळगतात ते काम हा माणूस एका पुठ्ठ्यावर करत होता.

मिशिगन स्टेडियम बाहेरून फार उंच वाटत नाही, कारण त्याचा बराचसा भाग जमिनीत खोदलेला आहे. आपण रस्त्याच्या पातळीवर आत शिरतो आणि एकदम पायाखाली प्रचंड मोठी परात उघडते. बाकडी ॲल्युमिनियमची. प्रत्येकाच्या वाट्याला जागा एवढी कमी की जाड कोट घातलेली दोन माणसं शेजारी बसली की तिसऱ्याने उभंच राहावं. थंडी मात्र हाडं गोठवणारी नव्हती. ढगाळ, ओलसर, शिकागोकराला सुखद म्हणावी अशी हवा. बर्फ टिकवायला ती पुरेशी नव्हती, पण तिच्यावर कोणी विसंबलेलंही नव्हतं. मैदानावर आधी सपाट तळ घालतात, त्यात नळ्यांचं जाळं पसरतात, बाहेर उभ्या असलेल्या यंत्रातून त्या नळ्यांत गोठणबिंदूच्या खालचं द्रावण फिरवत राहतात आणि वरून पाणी मारत थरावर थर चढवतात. बर्फाला खरी भीती पावसाची आणि उन्हाची. थंडी कमी असली तर यंत्र सांभाळून घेतं.

आमची जागा बरीच वर, निळ्या रेषेच्या अंगाला. (हॉकीच्या बर्फावर मधली रेषा लाल असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक निळी.) खालच्या रांगा रिकाम्या दिसल्या म्हणून मी म्हटलं, पुढे सरकू या. भाचा जागचा हलला नाही. “मामा, तिथून काहीच दिसत नाही. मुद्दाम वरची काढलीत.” मला पटेना. पहिल्या सत्रानंतर खाली चक्कर मारून आलो आणि पटलं.

गणित सोपं आहे. हॉकीचा रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. अमेरिकन फुटबॉलचं मैदान ११० मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद. रिंक मधोमध मांडला की दोन्ही बाजूंना दहा-बारा मीटर आणि टोकांना पंचवीसच्या आसपास मोकळी जागा उरते, शिवाय मैदानाच्या कडेची पट्टी वेगळी. बंदिस्त रिंकमध्ये पहिल्या रांगेतल्या माणसाच्या नाकाला काच लागते, खेळाडू त्या काचेवर आदळले की हातातली कॉफी सांडते. इथे पहिल्या रांगेतल्या माणसाला दूरवर एक पांढरा कठडा दिसतो आणि कठड्यावरून हेल्मेटं पळताना दिसतात. पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) जवळच्या बाजूला आला की कठड्याआड गायबच. मधल्या-वरच्या रांगेतून मात्र अख्खं पटांगण कॅरमसारखं उलगडतं. पण तिकिटांचे भाव ठरतात जुन्या सवयीने, जितकं खाली तितकं महाग. फुटबॉलसाठी केलेला बसण्याचा नकाशा हॉकीला जसाच्या तसा लावला की वाईट जागेला जास्त पैसे मोजणारे हमखास मिळतात.

आता पैशांचं. समजा, सहा हजारांच्या बंदिस्त रिंकमध्ये तिकीट तीस डॉलरचं आहे. घर भरलं तर एक लाख ऐंशी हजार डॉलर. समजा, मोठ्या स्टेडियमात तिकीट वीस डॉलरचंच ठेवलं आणि एक लाख लोक आले, तर वीस लाख डॉलर. भाव कमी करूनही गल्ला अकरा पट. म्हणून कॉलेजच्या उघड्यावरच्या सामन्याला गर्दी हेच भांडवल असतं, भाव नसतो. एनएचएलचा, म्हणजे व्यावसायिक संघांच्या लीगचा, हिशेब निराळा, कारण तिथला प्रेक्षक वर्षातून एकदा उघड्यावर होणाऱ्या ‘विंटर क्लासिक’साठी खिसा उघडायला तयार असतो. कॉलेजवाल्यांना विद्यार्थी सांभाळायचे, वर्षभराचे पास घेतलेल्यांचा घरचा सामना दुसरीकडे नेला म्हणून त्यांना आधी जागा द्यायची, जुने विद्यार्थी खूश ठेवायचे, कारण देणग्या तिकडूनच येतात. शिवाय रिंक उभारण्याचा खर्च एका दिवसासाठी असो की दोन आठवड्यांसाठी, फार बदलत नाही. बॉस्टनच्या फेनवे पार्कवाल्यांनी हे नेमकं हेरलं होतं. त्याच वर्षी १ जानेवारीला तिथे एनएचएलचा सामना झाला आणि आठवडाभरात, ८ तारखेला, त्याच बर्फावर बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि बॉस्टन कॉलेज खेळले. ३८,४७२ लोक आले. बर्फ आधीच घातलेला, मग दुसऱ्या जेवणावळीला मांडव नवा कशाला?

सामन्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो एकतर्फी झाला. मिशिगनने ५-० ने मारला. कार्ल हेगलिनने दोन गोल केले (हाच पुढे पिट्सबर्गकडून दोनदा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, जिंकला) आणि गोलात उभ्या असलेल्या शॉन हनविकने एकही पक आत जाऊ दिला नाही. हनविक हॉकीच्या मानाने अगदी बुटका, शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला पोरगा. त्याने फटका अडवला की आमच्या मागचा एक गृहस्थ स्वतःच्याच मांड्या बडवायचा. मिशिगन स्टेटच्या हिरव्या टोप्यांचा गट तिसऱ्या सत्रात उठून जायला लागला तेव्हा भाच्याने त्यांना हात हलवून निरोप दिला. मी त्याला दटावलं, पण हसू मलाही आवरलं नाही.

खरी गंमत आकड्याची झाली. ध्वनिवर्धकावरून घोषणा झाली: १,१३,४११. स्टेडियम दणाणून गेलं. स्टेडियमची अधिकृत क्षमता तेव्हा १,०९,९०१ होती, म्हणजे क्षमतेपेक्षा साडेतीन हजार जास्त. नंतर गिनेसने विक्रम नोंदवला तो १,०४,१७३ चा. नऊ हजारांहून अधिक माणसं गेली कुठे? कुठेच नाही. विद्यापीठ जाहीर करतं तो आकडा आणि गिनेस मानतं तो आकडा, या दोन वेगळ्या मोजण्या. गिनेसला दारात प्रत्यक्ष स्कॅन झालेलं तिकीट हवं असतं. जाहीर होणाऱ्या आकड्यांत एरवी काय काय धरतात ते ज्याचं त्याला ठाऊक: विकलेली तिकिटं, फुकट वाटलेली, बँडवाले, कॅमेरेवाले, खाद्यपदार्थ विकणारे. माझ्या शेजारच्या दोन जागा शेवटपर्यंत रिकाम्या होत्या, त्यांची तिकिटं कोणीतरी घेतलेली असणारच. विक्रमाचं मात्र काहीच बिघडलं नाही, गेल्सनकिर्शन दोन्ही आकड्यांनी मागे पडलं.

अशीच दुसरी गंमत त्याच वर्षी फेब्रुवारीत मॅडिसनला झाली होती. विस्कॉन्सिनने कॅम्प रँडल स्टेडियममध्ये एकाच दिवशी मुलींचा आणि मुलांचा असे दोन सामने ठेवले. मुलांच्या सामन्याला ५५,०३१ प्रेक्षक, मुलींच्या सामन्याला ८,२६३. त्यातही मुलींच्या कॉलेज हॉकीत तोवर एवढी गर्दी झालीच नव्हती, म्हणून तो विक्रम ठरला! जवळपास पन्नास हजार माणसं मुलींचा सामना संपेपर्यंत पार्किंगमध्ये सॉसेज भाजत बसली, असाच याचा अर्थ.

पुढे हा खेळ माझ्या दारातच आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर ‘हॉकी सिटी क्लासिक’ झाला. नोत्र दाम विरुद्ध मायामी (ओहायोमधलं, फ्लोरिडाचं नव्हे) आणि विस्कॉन्सिन विरुद्ध मिनेसोटा. रूझवेल्ट स्टेशनवर उतरून तळ्याकडून येणारा वारा तोंडावर घेत चालत गेलो. ५२,०५१ लोक आले होते. दोनच वर्षांनी, ७ फेब्रुवारी २०१५ ला, त्याच मैदानावर पुन्हा दोन सामने होते आणि त्यातला एक मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट, म्हणजे ॲन आर्बरला एक लाख खेचणारी हीच जोडी. आले २२,७५१. मला तिकीट शेवटच्या आठवड्यात, छापील किमतीपेक्षा स्वस्तात मिळालं आणि आजूबाजूला पाय पसरायला भरपूर जागा होती. रणजीची आठवण झाली.

भाच्याचं म्हणणं, लोकांना कंटाळा आला. असेलही. मधल्या काळात, १ मार्च २०१४ ला, याच सोल्जर फील्डवर एनएचएलचा सामना झाला होता. शिकागो ब्लॅकहॉक्स घरचा संघ, भरभरून बर्फ पडत होता आणि ६२,९२१ लोक होते. ते पाहिलेल्या शिकागोकराने वर्षभरात परक्या गावच्या दोन कॉलेजांसाठी पुन्हा कुडकुडायला का यावं? पण मला मोठं कारण अंतराचं वाटतं. ॲन आर्बरला मिशिगनचा विद्यार्थी खोलीवरून चालत येतो. शिकागोला यायचं तर चार तास गाडी, पेट्रोल, टोल, हॉटेल. तिकीट दहा डॉलरने उतरवलं तरी हा खर्च तेवढाच राहतो. नोत्र दाम शिकागोपासून दीडशे किलोमीटरच्या आत आणि विस्कॉन्सिनचे माजी विद्यार्थी शिकागोत पोत्याने, म्हणून २०१३ चं गणित जमलं. तिकिटाचा भाव ठरवणारे स्टेडियमचा नकाशा बघतात, त्यांनी आधी रस्त्यांचा बघायला हवा.

तुम्ही कधी अशा सामन्याला जाणार असाल तर विसाव्या रांगेच्या वरचं, शक्यतो निळ्या रेषेजवळचं तिकीट घ्या. संघ त्याच गावचा असेल तर विक्री सुरू होताच घ्या. दोन्ही संघ बाहेरगावचे असतील तर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबा. घेताना ‘सेवा शुल्क’ नावाची ओळ वाचल्याशिवाय बटण दाबू नका, कारण स्वस्त तिकिटावर ती जास्तच बोचते. आणि बाकडं ॲल्युमिनियमचं असेल तर बुडाखाली घालायला जुनी सतरंजी न्या. घडीची जाड उशी दारावर अडवू शकतात, सतरंजीला आम्हाला तरी कोणी हरकत घेतली नाही.